जुनी मियाटा प्रदर्शनाला नेताना : सहा आठवड्यांची तयारी

अमेरिकेतल्या लहानमोठ्या गावांत वसंत ऋतूच्या अखेरीपासून पानगळीपर्यंत, जवळजवळ प्रत्येक शनिवार-रविवारी कुठे ना कुठे मोटारींचे प्रदर्शन भरलेले असते. जागा अगदी साधी असते : शाळेचे पार्किंग, चर्चमागचे मैदान, नाहीतर अग्निशमन केंद्राचे आवार. प्रवेशशुल्क बेताचे असते आणि जमलेली रक्कम बहुधा एखाद्या स्थानिक कामाला जाते. परीक्षक म्हणजे कुणी व्यावसायिक तज्ज्ञ नसतात, तर त्याच परिसरातले, आयुष्यभर गाड्या उघडून पाहिलेले जुने हौशी लोक असतात. अशा प्रदर्शनात पहिल्यांदा गाडी नेणाऱ्याचा एक समज हमखास असतो, तो म्हणजे गाडीला जितके महाग सुटे भाग लावले असतील तितके गुण जास्त मिळतील. प्रत्यक्षात परीक्षकाचे लक्ष बसवलेल्या भागापेक्षा तो कसा बसवला आहे याकडे असते. दोन हजार डॉलरच्या टर्बोशेजारी लोंबणारी वायर त्याला आधी दिसते, टर्बो नंतर. पुढची सगळी तयारी या एका गोष्टीभोवती आखलेली आहे.

उदाहरणासाठी पहिल्या पिढीची माझदा एमएक्स-५, म्हणजे अमेरिकेत मियाटा नावाने विकली गेलेली दोन आसनी उघडी गाडी घेतली आहे. फेब्रुवारी १९८९ मध्ये शिकागोच्या मोटार प्रदर्शनात ती पहिल्यांदा दाखवली गेली आणि १९९७ पर्यंत ही पिढी बनत राहिली. सुरुवातीला १.६ लिटरचे, सुमारे ११६ अश्वशक्तीचे इंजिन होते; १९९४ च्या मॉडेलपासून १.८ लिटरचे आले. वजन साधारण एक टन, ताकद मागच्या चाकांना, आणि बटण दाबताच वर येणारे पुढचे दिवे. गाडी स्वस्त, सुटे भाग मुबलक आणि रचना सरळ, त्यामुळे तीत फेरफार न केलेली मियाटा शोधणेच आता अवघड झाले आहे. नोकरीनिमित्त इकडे आलेल्या आपल्या मराठी मंडळींपैकी ज्यांना गॅरेजमध्ये हात काळे करायची हौस आहे, त्यांच्या खिशाला परवडणारी पहिली जुनी स्पोर्ट्स गाडी बहुधा हीच असते. गावाकडून आलेले आईवडील मात्र ‘दोघांनाच बसायला जागा?’ असे विचारल्याशिवाय राहत नाहीत.

आधी प्रदर्शनाचे नियम

साबण-पाण्याची बादली भरण्यापूर्वी आयोजकांकडून दोन गोष्टी मागून घ्याव्यात : गटांची यादी आणि गुणपत्रिकेचा नमुना. काही प्रदर्शनांत गुण देणारे परीक्षक असतात, काहींत केवळ प्रेक्षकांची किंवा सहभागी मालकांची मते मोजली जातात. या दोन्हींची तयारी वेगळी असते. मतांवर निकाल लागणार असेल तर गाडीचे लांबून दिसणारे रूप, रंगाची चमक आणि तुमचे लोकांशी बोलणे यांना वजन येते. गुणपत्रिका असेल तर बाहेरचे अंग, आतली बाजू, इंजिनाची जागा, चाके, खालची बाजू आणि डिकी यांना स्वतंत्र रकाने असतात, आणि एका रकान्यातला दुष्काळ दुसऱ्यातल्या सुकाळाने भरून निघत नाही. बहुतेक हौशी मालक बाहेरच्या रंगावर सगळा जीव ओततात आणि डिकीच्या रकान्यात मार खातात.

गटाची निवडही विचार करून करावी. केवळ चाके आणि स्प्रिंग बदललेली गाडी ‘पूर्ण बदललेल्या’ गटात उभी केली, तर शेजारी इंजिन बदललेली आणि मडगार्ड रुंद केलेली गाडी उभी असते आणि तुमची कष्टाची गाडी बिचारी दिसते. किरकोळ फेरफारांसाठी वेगळा गट असल्यास तोच घ्यावा. त्यात कमीपणा काही नाही.

याच वेळी कागदपत्रे तपासावीत. बऱ्याच राज्यांत २५ वर्षांपुढील गाडीला जुन्या गाड्यांची वेगळी नंबर-पाटी मिळते, पण तिच्यासोबत वापरावर मर्यादाही येतात. विम्याच्या बाबतीत, फेरफारांची नोंद करून आधीच किंमत ठरवून घेतलेली पॉलिसी असेल तर उत्तम. साध्या पॉलिसीत एखाद्या अपघातानंतर तुमची गाडी केवळ ‘एक जुनी मियाटा’ ठरते आणि कॉइलओव्हर (उंची बदलता येणारे स्प्रिंग-शॉकॲब्सॉर्बर), रिम, सीट यांचा खर्च हवेत जातो. कॅलिफोर्नियात राहणाऱ्यांनी इंजिनाच्या बदललेल्या भागांवर तिथल्या एअर रिसोर्सेस बोर्डाचा, म्हणजे हवेच्या प्रदूषणावर देखरेख ठेवणाऱ्या राज्य मंडळाचा, मान्यता क्रमांक आहे ना, हे पाहावे. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (इंजिनाचा धूर शुद्ध करणारा भाग) काढून टाकणे तर संघराज्याच्या कायद्यानेच चालत नाही, त्यामुळे ‘फक्त प्रदर्शनापुरते’ हा युक्तिवाद रस्त्यावर उपयोगाचा नाही.

यांत्रिक काम पहिल्या दोन आठवड्यांत

क्रम महत्त्वाचा आहे. तेल, ग्रीस आणि जॅक यांचे सगळे काम रंगाच्या कामाआधी संपवावे, कारण पॉलिश केलेल्या मडगार्डवर वाकून पाना फिरवणे म्हणजे पट्ट्याच्या बकलाने ओरखडे काढण्याची सोय करणे. शेवटच्या आठवड्यात कोणताही नवा भाग बसवू नये, हा नियम डोळे मिटून पाळावा. प्रदर्शनाच्या आदल्या रात्री बसवलेल्या भागामुळे गाडी ट्रकवर लादून न्यावी लागल्याची उदाहरणे प्रत्येक क्लबात सापडतात.

सुरुवात गळतीपासून करावी. गाडीखाली रात्रभर स्वच्छ पुठ्ठा पसरून ठेवला की सकाळी डागांचा नकाशा मिळतो. या इंजिनात एक फसवी गळती नेहमी आढळते. सिलिंडर हेडच्या मागच्या टोकाला, फायरवॉलजवळ (इंजिन आणि बसायची जागा यांच्यामधल्या पत्र्याजवळ), कॅमचा कोन मोजणारा सेन्सर असतो आणि त्याच्याभोवती रबराची एक छोटी ओ-रिंग असते. वयोमानाने ती कडक होऊन चपटी होते, तेल पाझरून इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्या सांध्यावर उतरते, आणि खालून पाहणाऱ्याला वाटते की क्रँकचे मागचे सील गेले. सील बदलायचे तर गिअरबॉक्स उतरवावा लागतो. ओ-रिंगची किंमत मात्र नगण्य. म्हणून मोठा खर्च काढण्यापूर्वी त्या सेन्सरखाली बोट फिरवून पाहावे. बोट ओले निघाले तर आधी सेन्सरच्या आणि त्याच्या बैठकीच्या धातूवर एक सरळ रेघ ओढून खूण करावी, मग तो काढावा, नवी रिंग तेलात बुडवून बसवावी आणि खूण पुन्हा जुळवावी. खूण न करता काढल्यास इग्निशनचे टायमिंग बिघडते. कॅम कव्हरच्या गॅस्केटचा मागचा कोपराही असाच गळका असतो. दोन्ही कामे एकाच वेळी केलेली बरी.

रेडिएटरच्या वरच्या प्लॅस्टिकच्या टाकीचा रंग पाहावा. मूळची काळी टाकी तपकिरी-हिरवट दिसू लागली असेल तर ते प्लॅस्टिक ठिसूळ झाले आहे आणि उन्हाळ्यातल्या रहदारीत ती फुटण्याची वाट पाहण्यात अर्थ नाही. टर्बो बसवलेल्या गाडीत हे काम आणखी तातडीचे आहे, शिवाय टर्बोजवळून जाणारे होज आणि वायरी यांना उष्णतारोधक आवरण आहे का, हेही पाहून घ्यावे. परीक्षकाला ते दिसते आणि समजते.

गाडी खाली बसवली असेल तर चारही कोपऱ्यांची उंची मोजावी. जमिनीपासून मोजू नये, कारण टायरमधली हवा आणि जमिनीचा उतार यांनी आकडा बदलतो. चाकाच्या केंद्रापासून मडगार्डच्या कडेपर्यंतचे अंतर घ्यावे. डावी-उजवी बाजू एकमेकींशी जुळली की कॉइलओव्हरच्या चकत्या घट्ट कराव्यात आणि मगच चाकांचे अलाइनमेंट करून घ्यावे. रुंद टायरसाठी मडगार्डची आतली कड वळवलेली असेल तर तिथे रंगाला बारीक तडे गेलेले असतात. ते आजच साफ करून, गंजरोधक प्रायमर आणि रंग लावून बंद करावेत. पुढच्या पावसाळ्यापर्यंत तिथे फोड येतात, आणि मग रंगाचे काम कडेपुरते राहत नाही.

जॅक लावताना काळजी घ्यावी. सिलखालच्या, म्हणजे दाराखालच्या लांब पट्टीखालच्या, पातळ दुमडीवर जॅक टेकवला की ती चेपते, आणि खालून वाकून पाहणाऱ्या परीक्षकाला पहिली दिसते ती चेपलेली दुमडच. पुढे मधल्या क्रॉसमेंबरखाली आणि मागे डिफरन्शियलखाली आधार द्यावा, आणि गाडीखाली जाण्यापूर्वी स्टँड लावावेतच.

दिव्यांची कसोटी वेगळी. दोन्ही दिवे एकाच वेळी वर यायला हवेत, कारण प्रदर्शनात येणारे प्रत्येक लहान मूल ते वर करून दाखवायला सांगते. एक दिवा मागे रेंगाळत असेल तर सांधे साफ करून ग्रीस द्यावे.

रंग : घाई केली की संपले

या गाडीची ओळख बनलेला क्लासिक रेड, कंपनीचा रंग-कोड एसयू, हा एकथरी रंग आहे. त्याच्यावर वेगळा पारदर्शक थर नाही. उन्हात वर्षानुवर्षे राहिला की तो गुलाबी, खडूसारखा होतो, आणि पॉलिश करताना कापड लाल होते. एकथरी रंगात हे स्वाभाविक आहे, घाबरू नये. मेलेला वरचा थर निघून खालचा जिवंत लाल वर येतो. मात्र पारदर्शक थर असलेल्या रंगाच्या गाडीत कापडावर रंग उतरला तर त्याचा अर्थ नेमका उलट असतो : वरचा थर संपला आहे आणि तिथेच थांबायला हवे. म्हणून पॉलिशची बाटली उघडण्यापूर्वी आपला रंग कोणत्या प्रकारचा आहे, हे एखाद्या झाकल्या जागी, पांढऱ्या कापडावर थोडे पॉलिश घेऊन तपासावे. पूर्वी कधी गाडी पुन्हा रंगवली असेल तर मूळ कोडवर विसंबता येत नाही, कारण रंगाऱ्याने लाल रंगावरही पारदर्शक थर दिलेला असू शकतो.

रंगाची जाडी मोजण्याचे छोटे यंत्र उसने मिळाले तर जरूर आणावे. कारखान्यातल्या रंगाची एकूण जाडी साधारण १०० ते १५० मायक्रॉनच्या आसपास असते. आकडा एकदम ३००-४००च्या पुढे गेला तर तिथे पुट्टी किंवा दुसऱ्यांदा दिलेला रंग आहे. ८० च्या खाली गेला तर तिथे यंत्राने पॉलिश करण्याच्या भानगडीत पडू नये. येथे एक मेख आहे. मियाटाचे बॉनेट ॲल्युमिनियमचे आहे. फक्त लोखंडावर चालणारे स्वस्त यंत्र तिथे काहीच दाखवत नाही, आणि अननुभवी माणूस यंत्र बिघडले असे समजतो. दोन्ही धातूंवर चालणारे यंत्रच घ्यावे; बंपर प्लॅस्टिकचे असल्याने तिथे तेही गप्प बसते. यंत्र नसेल तर फ्रिजवर लावायचे चुंबक कागदात गुंडाळून सिलच्या मागच्या भागावर, म्हणजे मागच्या चाकाच्या पुढे, फिरवावे. या गाड्या गंजतात त्या मुख्यतः तिथेच, आणि चुंबक धरत नसेल तर आधीच्या मालकाने गंजावर पुट्टी थापली आहे हे कळून येते.

धुण्यासाठी दोन बादल्या घ्याव्यात, एक साबणाची आणि एक हातमोजा खळबळून काढण्याची. वरून खाली यावे, सिल आणि चाकांभोवतीचा भाग शेवटी, वेगळ्या हातमोज्याने धुवावा. ब्रेकच्या लोखंडी कणांसाठी त्यांचे खास द्रावण, डांबरासाठी डांबराचे, आणि त्यानंतर भरपूर ओलावा ठेवून क्ले बार (रंगाला चिकटलेली घाण ओढून काढणारी मऊ वडी) फिरवावा. क्ले जमिनीवर पडली की ती टाकून द्यावी. पैसे वाचवायची ही जागा नव्हे. दसऱ्याला गाडी धुऊन झेंडूचा हार घालणे आणि हे धुणे यात फरक आहे, तेव्हा घरच्यांनी उत्साहाने स्वयंपाकघरातले फडके आणून दिले तरी ते नम्रपणे परत करावे.

पॉलिशसाठी सावलीत, थंड पत्र्यावर, साधारण दोन हात लांब-रुंद भागाची चाचणी घ्यावी. सर्वांत सौम्य पॉलिश आणि मऊ पॅड यांनी सुरुवात करावी. त्याने काम भागले तर पुढे जाऊ नये. नाही भागले तर एकेक पायरी वर चढावे. यंत्र हळू फिरवावे, आधी आडवे, मग उभे. कडा, उठावाच्या रेषा आणि दिव्यांच्या झाकणांच्या धारा यांवर कागदी टेप लावावी, कारण रंग सर्वांत पातळ तिथेच असतो आणि एकदा पत्रा दिसला की प्रदर्शनापुरता तरी उपाय उरत नाही. खडे उडून पडलेले टिपके बारीक ब्रशने, कोड जुळवून आणलेल्या रंगाने भरावेत. लांबून ते दिसत नाहीत आणि जवळून मालकाची काळजी दिसते. संपूर्ण भाग नव्याने रंगवायचा असेल तर ते काम या सहा आठवड्यांत घेऊच नये. ताजा रंग पूर्ण वाळायला आठवडे लागतात आणि तोवर त्यावर मेण चढवता येत नाही.

शेवटी मेण किंवा सीलंटचे दोन पातळ हात द्यावेत. काळ्या रबराच्या पट्ट्यांत आणि अक्षरांच्या खाचांत पांढरी पूड अडकते. ती मऊ दातांच्या ब्रशने काढणे हे कंटाळवाणे काम आहे, पण उन्हात उभ्या असलेल्या लाल गाडीवर ती पांढरी रेघ चांगली दहा फुटांवरून दिसते.

छत आणि त्याचे पाणी

कापडी छताची मागची खिडकी प्लॅस्टिकची आहे. छत खाली घेण्यापूर्वी तिची चेन उघडून खिडकी सपाट आडवी ठेवावी लागते, नाहीतर दुमडीच्या जागी पांढरी रेघ पडते आणि थंडीत ती चक्क तडकते. अमोनिया असलेला काचेचा क्लीनर तिला चालत नाही. प्लॅस्टिकचे पॉलिश आणि स्वच्छ मायक्रोफायबर कापड वापरावे, एकाच दिशेने.

छतावरचे पाणी सीटांमागच्या दोन कोपऱ्यांत जमते आणि तिथल्या नळ्यांतून मागच्या चाकांच्या थोडे पुढे, गाडीखाली बाहेर पडते. पानांचा चुरा आणि धूळ यांनी या नळ्या तुंबतात. मग पाणी कार्पेटखाली आणि सिलच्या पोकळीत जाते, आणि वर सांगितलेला गंज आतून सुरू होतो. आपण पेलाभर पाणी हळूहळू ओतावे आणि खाली ते कुठून पडते हे दुसऱ्याला पाहायला सांगावे. पडत नसेल तर जाड, लवचीक, गोल टोकाची नायलॉन दोरी सावकाश आत सरकवावी. टोकदार तार किंवा कॉम्प्रेसरची हवा वापरल्यास जुनी नळी जागेवरून निसटते आणि रोग परवडला पण औषध नको अशी गत होते. ओल्या कार्पेटचा कुबट वास कोणत्याही सुगंधी झाडाच्या पुठ्ठ्याने झाकला जात नाही. कार्पेट काढून, उन्हात वाळवून, खालचा पत्रा पाहूनच परत बसवावे.

बॉनेटखाली

फेरफार केलेल्या गाडीची खरी परीक्षा इथे होते. दाबाच्या पाण्याने इंजिन धुऊ नये. कॉइल पॅक, सेन्सर, अल्टरनेटर आणि उघडा एअर फिल्टर पिशव्यांनी झाकून, थंड इंजिनावर सौम्य डीग्रीझर फवारून, ब्रश आणि ओल्या कापडाने हाताने साफ करावे. ब्रेक ऑइलची पिवळी पडलेली टाकी, कूलंटचे डाग पडलेली बाटली आणि गंजलेले होज क्लॅम्प या तीन गोष्टी नव्या घेतल्या तरी खर्च थोडका येतो आणि संपूर्ण जागेचे वय दहा वर्षांनी कमी होते. जुन्या टाकीशेजारी चकाकणारा पाइप ठेवला की पाइप उपरा वाटतो.

वायरिंगवर एक संपूर्ण संध्याकाळ द्यावी. आधीच्या मालकाने ओढलेली, कुठेही न पोहोचणारी वायर शोधून काढून टाकावी. उरलेल्यांना कापडी टेप गुंडाळावी, मूळ वायरिंगच्या वाटेनेच न्यावे, आणि झिप टायचे शेपूट साध्या कात्रीने न कापता सपाट कटरने मुळाशी कापावे, म्हणजे धारदार टोक उरत नाही. सगळ्या क्लॅम्पचे स्क्रू एकाच दिशेला, पाना पोहोचेल असे फिरवावेत. एकाच ब्रॅकेटवर तीन वेगवेगळ्या डोक्यांचे बोल्ट असतील तर एकसारखे आणावेत. हरवलेला बोल्ट भरावा. ही कामे करायला फारसे पैसे लागत नाहीत, फक्त चिकाटी लागते, म्हणूनच परीक्षक नेमके तेच पाहतो. माझ्या मते रंगीत सिलिकॉनचे होज आणि तऱ्हेतऱ्हेच्या नळ्यांवर जो पैसा जातो, त्याच्या निम्म्यात ही सगळी डागडुजी होते आणि गुण दुप्पट मिळतात.

बॉनेट उचलून धरणारी सळई आणि बॉनेटची आतली बाजू पुसायला लोक विसरतात. प्रदर्शनात सर्वांच्या डोळ्यांसमोर दिवसभर तीच असते.

आत, मागे आणि चाकांत

आतल्या बाजूचे सूत्र चमक टाळणे हे आहे. डॅशबोर्डवर तेलकट सिलिकॉन फासू नये. मूळच्या मंद पोताला शोभेल असे, चमक न आणणारे द्रावण वापरावे. दारांच्या पॅनेलचे व्हिनाइल वरच्या कडेला सुटलेले असते, ते योग्य गोंदाने दाबून बसवावे. मधल्या कन्सोलला तडा असेल तर बदलावा. नंतर बसवलेले मीटर असतील तर त्यांच्या वायरी दिसता कामा नयेत आणि ते चालू असले पाहिजेत. बंद मीटरपेक्षा मीटर नसलेला बरा. रोल बार असेल तर डोक्याच्या बाजूला कडक पॅडिंग असावे.

डिकी रिकामी करावी. या गाडीत बॅटरी डिकीत असते, तेव्हा तिची पकड घट्ट असावी, हवा बाहेर नेणारी नळी जोडलेली असावी आणि टर्मिनलवर पांढरी बुरशी नसावी. साधी, बंदिस्त नसलेली बॅटरी कुणी बसवली असेल आणि आम्ल सांडले असेल तर तिथला पत्रा खाल्लेला असतो. ते आधी निस्तरावे.

चाके काढून आतली बाजू धुवावी. पातळ काड्यांच्या रिममधून आतले सगळे दिसते, कॅलिपरही. टायरच्या बाजूवरच्या निर्मितीच्या खुणेतले शेवटचे चार आकडे वाचावेत : २४१९ म्हणजे २०१९ सालचा चोविसावा आठवडा. नक्षी शिल्लक असली तरी फार जुना टायर कडक झालेला असतो. टायरला लावायचे द्रावण पाण्याच्या पायावरचे असावे, लावून पुसून घ्यावे, आणि जमिनीला टेकणाऱ्या भागाला कधीही लावू नये, कारण ब्रेक लावल्यावर गाडी घसरते. चाके परत लावताना नट टॉर्क रेंचने (किती जोराने आवळले ते दाखवणाऱ्या पान्याने) घट्ट करावेत. कंपनीचा आकडा ८८ ते ११८ न्यूटन मीटर आहे. नवे रिम असल्यास थोडे अंतर चालवून पुन्हा तपासावे.

फलक आणि बोलणे

गाडीपुढे ठेवायचा फलक एका पानाचा असावा. वर्ष, रंग, इंजिन आणि फेरफारांची यादी, पण प्रत्येक फेरफारापुढे त्याचे कारण. ‘कॉइलओव्हर’ एवढेच लिहिण्याऐवजी ‘मूळ शॉकॲब्सॉर्बर गळत होते, म्हणून उंची बदलता येणारे बसवले’ असे लिहिले की मालकाने विचार केला आहे हे दिसते. जे काम दुसऱ्याने केले ते दुसऱ्याने केले असेच लिहावे. जुन्या परीक्षकांना हात कुणाचा हे ओळखता येते. मूळ सुटे भाग जपून ठेवले असतील तर तेही नमूद करावे. पावत्या आणि कामाआधीची छायाचित्रे एका फाइलमध्ये जवळ ठेवावीत, मागितल्यास दाखवावीत, न मागता हातात कोंबू नयेत.

त्या दिवशी

लवकर पोहोचावे, कारण एकाच गटाच्या गाड्या शेजारी उभ्या करतात आणि उशिरा येणाऱ्याला कोपरा मिळतो. वाटेत चिकटलेले किडे आधी ओल्या कापडाने भिजवून काढावेत. कोरड्या कापडाने घासल्यास सहा आठवड्यांचे पॉलिश पाच मिनिटांत जाते. सोबत धूळ पुसायचे आणि काचेचे अशी वेगळी कापडे, क्विक डीटेलर (फवारून पुसायचे चमकीचे द्रावण), गाडीखाली ठेवायचा पुठ्ठा, नियमात असल्यास अग्निशामक, खुर्ची, छत्री आणि पाणी असावे. मैदान गवताचे असेल आणि गाडी खाली बसवलेली असेल तर दोन पातळ फळ्या डिकीत टाकाव्यात, उंचवटा पार करताना पुढचा बंपर वाचतो.

दिवे वर ठेवायचे की खाली, यावर क्लबांत तासन्‌तास वाद होतात. मला विचाराल तर खाली. बॉनेटची रेषा तुटत नाही, आणि मुलांना वर करून दाखवण्याची गंमतही शिल्लक राहते. छत खाली असल्यास त्यावरचे आवरण नीट बटणे लावून ताणलेले असावे. अर्धवट लोंबणारे आवरण असण्यापेक्षा छत वर आणि खिडकी लखलखीत असलेली बरी.

परीक्षक आला की नमस्कार करून दोन वाक्यांत गाडीची ओळख द्यावी आणि दोन पावले मागे सरकावे. त्याने विचारले तर सांगावे. दोष असेल तर तो आपणहून दाखवण्याची गरज नाही, पण विचारल्यावर लपवूही नये. आवारात इंजिन रेस करू नये, आणि निघताना तर मुळीच नाही. टायर जाळत बाहेर पडणाऱ्या एका गाडीमुळे शाळेने पुढच्या वर्षी जागा नाकारली, असे अनेक गावांत घडले आहे, आणि त्यात नाव खराब होते ते सगळ्याच फेरफार केलेल्या गाड्यांचे.

निकालानंतर आयोजकांकडून आपली गुणपत्रिका मागून घ्यावी. बहुतेक जण आनंदाने देतात. कमी गुणांच्या रकान्यांपुढे त्याच संध्याकाळी, गाडी समोर असताना, नेमके काय दिसले असेल ते पेन्सिलीने लिहून ठेवावे. मग गाडी थंड झाल्यावर धूळ पाण्याने धुऊन काढावी, कोरडी करावी, छत ओले असेल तर ते वर ठेवूनच वाळू द्यावे, आणि त्या यादीतले सर्वांत स्वस्त काम पुढच्या सुट्टीच्या दिवशी हातात घ्यावे.